सकाळची लोकल एकाच बाजूने का भरते?

मुंबईची लोकल नऊ डब्यांची होती, मग बारा झाली, काही पंधराच्याही झाल्या. तरी वर्षानुवर्षे सकाळी सीएसएमटीकडे जाणारी गाडी खच्चून भरलेली आणि परतीची बरीच मोकळी. संध्याकाळी उलटा प्रकार. बसायला जागा मिळावी म्हणून सीएसएमटीच्या शेजारच्या मशीद बंदर स्टेशनवरचा माणूस आधी उलटा सीएसएमटीला जातो आणि तिथून कल्याण लोकल पकडतो!

याचं मूळ नकाशात आहे. शहर समुद्रात घुसलेल्या चिंचोळ्या पट्टीवर, कचेऱ्या दक्षिण टोकाला, घरं उत्तरेला. गाड्या वाढवल्या की आणखी लांबची घरं सोयीची वाटू लागतात, तिथे वस्ती वाढते, गाडी पुन्हा भरते. वाहतूकशास्त्रात याला ‘प्रेरित मागणी’ म्हणतात.

1960च्या दशकात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, आणि अभियंते शिरीष पटेल यांनी वेगळा उपाय सुचवला: कामाची ठिकाणंच खाडीपलीकडे न्या. तिथे नवी मुंबई वसवण्यासाठी 1970 मध्ये सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. (जमिनी संपादित झालेल्या 95 गावांतल्या आगरी-कोळी आणि शेतकऱ्यांनी त्याची काय किंमत मोजली, हा वेगळ्याच लेखाचा विषय.) पण मंत्रालय काही हललं नाही, आणि त्याच दशकात नरिमन पॉइंटला भरावावर टॉवर उभे राहिले. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. मानखुर्द-वाशी लोकल यायला तर 1992 उजाडलं.

खरोखर हलला तो घाऊक बाजार. कांदा-बटाटा मशीद बंदरहून वाशीला गेला, तसा नाशिककडच्या ट्रकचा जुन्या मुंबईत शिरण्याचा फेरा वाचला. माथाडी कामगारांसाठी कोपरखैरणे, घणसोलीत घरं झाली. माझ्या मते नवी मुंबईच्या आराखड्यातला सर्वांत यशस्वी भाग हाच; काम आणि घर दोन्ही हललं.

वांद्रे-कुर्ला संकुलात कचेऱ्या आल्या, पण रेल्वे स्टेशनं लांबच राहिली. म्हणून वांद्र्याला आणि कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाची रांग. वाशी आणि बेलापूरला मात्र स्टेशनच्या इमारतीतच कचेऱ्या आहेत.

2004 मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या जागी आयटी कंपन्या येत गेल्या. आता डोंबिवली-कल्याणची मंडळी सकाळी ठाण्याला उतरतात आणि ऐरोली, रबाळे, घणसोलीची गाडी पकडायला नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मकडे धावतात.