कॉलेजचे गेट आणि ८४ दिवस

२० ऑक्टोबर २०२१ रोजी महाराष्ट्रातील महाविद्यालये प्रत्यक्ष वर्गांसाठी उघडली. १८ वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याने कोविडच्या लसीचे दोन्ही डोस घेतलेले असतील तरच त्याला वर्गात बसता येईल, असे तत्कालीन उच्च व तंत्रशिक्षण मंत्री उदय सामंत यांनी आठवडाभर आधी जाहीर केले होते. पुणे जिल्ह्यात पालकमंत्री अजित पवार यांनी ११ ऑक्टोबरपासूनच हीच अट घालून महाविद्यालये सुरू करायला मुभा दिली होती. त्याआधी, १५ फेब्रुवारी २०२१ला, निम्म्या उपस्थितीने महाविद्यालये उघडून पाहिली होती आणि दुसऱ्या लाटेने ती लगेच बंद पाडली होती. तेव्हा लसीची अट नव्हती, कारण तरुणांसाठी लसच नव्हती.

लस सक्तीची असावी की नसावी, यावर तेव्हा भरपूर वाद झाला. ही अट पाळणे कोणाला शक्य होते, हा प्रश्न मात्र बाजूला पडला. त्याचे उत्तर शोधायचे तर कॅलेंडर समोर घ्यावे लागते.

१८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण सुरू झाले १ मे २०२१ला. महाराष्ट्रात पुरवठा इतका तोकडा होता की मेच्या दुसऱ्या आठवड्यात राज्याला या गटाचे लसीकरण थांबवावे लागले. हाती असलेले डोस ४५ वर्षांवरील लोकांच्या दुसऱ्या डोसासाठी वळवले गेले. त्याच आठवड्यात, १३ मे रोजी, केंद्राने कोविशील्डच्या दोन डोसांमधले अंतर १२ ते १६ आठवडे केले. जानेवारीत ते ४ ते ६ आठवडे होते, मार्चमध्ये ६ ते ८ झाले होते. म्हणजे आता किमान ८४ दिवस. राज्यात १८ वर्षांवरील सर्वांना सरकारी केंद्रांवर पुन्हा लस मिळू लागली ती जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात.

आता दिवस मोजू. २० ऑक्टोबरला दुसरा डोस झालेला असायला हवा, तर कोविशील्डचा पहिला डोस २८ जुलैला किंवा त्याआधी घेतलेला हवा. लोकलने येणाऱ्या मुंबईच्या विद्यार्थ्यासाठी हिशेब आणखी कडक होता. १५ ऑगस्टपासून लोकलचा पास दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस झालेल्यांनाच मिळत होता. त्याचा पहिला डोस १४ जुलैच्या आत हवा. ज्या महिन्यांत केंद्रांवर पहाटेपासून रांगा लागत आणि दुपारी ‘लस संपली’ अशी पाटी झळके, त्या महिन्यांतली ही तारीख आहे. ऑगस्टमध्ये आनंदाने पहिला डोस घेऊन घरी आलेल्या मुलाला ऑक्टोबरमध्ये कळले की त्याने उशीर केला. त्याने उशीर केलेला नव्हता. लस त्याच्यापर्यंत उशिरा पोचली होती.

एक आडवाट होती, पण ती पैशांची. कोव्हॅक्सिनच्या दोन डोसांत ४ ते ६ आठवड्यांचेच अंतर होते. जूनमध्ये केंद्राने खासगी रुग्णालयांसाठी कमाल दर ठरवले: कोविशील्ड ७८० रुपये, कोव्हॅक्सिन १,४१०. सरकारी केंद्रावर कोव्हॅक्सिन मिळाली नाही, तर दोन डोसांचे २,८२० रुपये मोजून ८४ दिवसांची वाट टाळता येई. टाळेबंदीत ज्या घरातली कमाई थांबली होती, त्या घरासाठी ही रक्कम लहान नव्हती.

आणि एक वाट सरकारनेच मोकळी केली होती. परदेशी शिकायला निघालेल्या विद्यार्थ्यांना २८ दिवसांनी कोविशील्डचा दुसरा डोस द्यावा, अशी सूचना केंद्राने जूनमध्ये काढली. नोकरीसाठी परदेशी जाणारे आणि टोकियो ऑलिंपिकचे खेळाडूही त्यात होते. त्याला कारण होते. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाने मार्च २०२१मध्येच लसीची अट जाहीर केली होती आणि अमेरिकेतल्या शेकडो महाविद्यालयांनी तोच मार्ग धरला. मुंबई-पुण्यातून दरवर्षी अमेरिकेला जाणारी मुले एकदम घायकुतीला आली. मुंबई महापालिकेने त्यांच्यासाठी कस्तुरबा, राजावाडी आणि कूपर रुग्णालयांत आगाऊ नोंदणीशिवाय लस देण्याची सोय केली. ती सोय योग्यच होती. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांची मात्र वेगळी अडचण झाली. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता तिला ३ नोव्हेंबर २०२१पर्यंत नव्हती, त्यामुळे अनेक अमेरिकी विद्यापीठे त्यांना पुन्हा दुसरी लस घ्यायला सांगत होती.

पण यातून असे झाले की एकाच शहरात, एकाच कारखान्यातून आलेली लस एकाला २८ दिवसांनी मिळत होती आणि दुसऱ्याला ८४. बोस्टनच्या वर्गात बसायचे असेल तर २८ आणि बार्शीच्या वर्गात बसायचे असेल तर ८४. केरळ उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने सप्टेंबर २०२१मध्ये नेमका हाच मुद्दा धरला. परदेशी जाणाऱ्यांना सवलत देता, तर पैसे मोजून लस घेणाऱ्या बाकीच्यांनाही ४ आठवड्यांनी घेऊ द्या, असे त्या निकालात होते. डिसेंबरमध्ये खंडपीठाने तो निकाल रद्द केला. माझ्या मते एकलपीठाचा प्रश्न मात्र निरुत्तरच राहिला.

लसीचा पुरावा दाखवा आणि मग आत या, ही रीत आपल्याकडे नवी नाही. हिंदुस्थानात देवीची पहिली लस टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. १८७७च्या कायद्याने मुंबईत मुलांना देवीची लस सक्तीची झाली. ‘देवी काढल्या का?’ हा प्रश्न पुढच्या कित्येक पिढ्यांनी ऐकला. तेव्हा दंडावरचा गोल वणच प्रमाणपत्राचे काम करी, आणि देवी काढणारा माणूस स्वतः गावोगाव फिरत असे.

१८९६ची प्लेगची साथ जास्त जवळची वाटते. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे टोचून घेतलेल्यांना दाखला दिला जाई आणि तो दाखवणाऱ्याला प्लेगच्या काही निर्बंधांतून सूट मिळे. लसीच्या दाखल्यावर मोकळीक देण्याची कल्पना म्हणजे इथली सव्वाशे वर्षांपूर्वीची. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला. पुण्यात त्याच्या जोरावर गोऱ्या शिपायांनी घरे कशी झडतली आणि २२ जूनला रँडचे काय झाले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्राने कोविडसाठी हाच १८९७चा कायदा पुन्हा लागू केला. साथीत हुकूम आणि विश्वास यांचे प्रमाण चुकले की काय होते, याचा अनुभव ज्या प्रदेशाला आहे तिथे सक्तीची भाषा जपूनच वापरायला हवी होती.

हेही नोंदवले पाहिजे की राज्याने नुसती अट घालून हात वर केले नाहीत. लस न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी स्थानिक प्रशासनाच्या मदतीने महाविद्यालयांनी सोय करावी, असे सांगितले होते. २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबरदरम्यान ‘मिशन युवा स्वास्थ्य’ मोहिमेत लस थेट महाविद्यालयांत नेण्यात आली. ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत चांगली गोष्ट. फक्त ती गेट उघडल्यानंतर आली, आधी यायला हवी होती.

जानेवारी २०२२मध्ये ओमायक्रॉनमुळे वर्ग पुन्हा बंद झाले. फेब्रुवारीत ते उघडताना दोन डोसांची अट कायम होती. बाकीच्यांनी ऑनलाइन शिकायचे होते. दरम्यान केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितले होते की, कोणत्याही कामासाठी लसीचे प्रमाणपत्र सक्तीचे करणारी सूचना आम्ही काढलेली नाही. मुंबईत उच्च न्यायालयात लोकलच्या अटीवर सुनावणी चालू होती आणि तिथे राज्याला आधीचे आदेश मागे घ्यावे लागले. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. एल. नागेश्वर राव आणि अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या पीठाने जेकब पुलियल खटल्यात निकाल दिला: कोणावरही लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही, आणि संसर्ग कमी असताना लस न घेतलेल्यांवर घातलेले निर्बंध प्रमाणात बसत नाहीत. तोपर्यंत महाराष्ट्राने गुढीपाडव्याच्या सुमारास आपले सगळे कोविड निर्बंध उठवलेले होते.

त्याच्या थोडे आधी, मार्च २०२२मध्ये, लसीकरणाविषयीच्या राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाने कोविशील्डच्या दुसऱ्या डोसाचे अंतर ८ ते १६ आठवडे करण्याची शिफारस केली. किमान ५६ दिवस. हाच आकडा आदल्या ऑक्टोबरमध्ये असता, तर २५ ऑगस्टपर्यंत पहिला डोस घेतलेला प्रत्येक विद्यार्थी २० तारखेला वर्गात बसू शकला असता.