सुपरहिरोचा करिष्मा आणि मेंदूतले अक्ष

सुपरहिरोपट आणि ॲक्शनपटांचा विषय निघाला की दोन तक्रारी हटकून ऐकू येतात. पहिली, ‘नट ठीक आहे, पण नायक वाटत नाही. करिष्माच नाही.’ दुसरी, ‘सगळे सारखेच दिसतात, कोण कोण आहे तेच कळत नाही.’ मध्यवर्ती भूमिकेत आफ्रिकी किंवा चिनी वंशाचा नट असला की पहिली तक्रार वाढते, आणि दुसरी तर बहुतेक तेव्हाच होते. मग कुणीतरी निकाल देऊन टाकतं: प्रतिनिधित्वाच्या नावाखाली नट निवडले की असंच होणार, करिष्मा काही कोट्यातून मिळत नाही.

या निकालामागे एक गृहीतक दडलेलं आहे. करिष्मा हा नटाच्या अंगचा गुण, त्याच्या उंचीसारखा. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आहे, नाही त्याच्याकडे नाही. मेंदू चेहरे कसे ओळखतो याचं शास्त्र आज जिथवर पोचलं आहे ते पाहता हे गृहीतक अर्धवट ठरतं. करिष्म्याचा बराच वाटा पाहणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो, आणि तिथे तो तयार व्हायचा तर त्या डोक्याने आधी कोणते आणि किती तऱ्हेचे चेहरे पाहिले आहेत याला फार महत्त्व आहे.

सुपरहिरोपट बनवणाऱ्यांना चेहऱ्याचं हे मोल पक्कं ठाऊक असतं. २००८ सालच्या ‘आयर्न मॅन’मध्ये नायक संपूर्ण चिलखतात असतो, तर कॅमेरा थेट शिरस्त्राणाच्या आत शिरतो आणि रॉबर्ट डाउनी ज्युनियरचा चेहरा पडदाभर दाखवतो. ‘ब्लॅक पँथर’मधल्या (२०१८) शेवटच्या द्वंद्वात शेजारून जाणाऱ्या गाडीच्या यंत्रणेमुळे दोघांचे पोशाख विरतात, मुखवटे हटतात आणि ऐन मारामारीत आपल्याला दोन चेहरे दिसत राहतात. कथेत त्याला कारण दिलेलं आहे, पण खरं कारण प्रेक्षकाच्या मेंदूत आहे. मुखवट्यावर जीव जडवणं अवघड असतं.

चेहरा पाहून आपण मत किती झटपट बनवतो हे २००६ मध्ये जॅनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरॉव्ह यांनी दाखवलं. अनोळखी चेहरा सेकंदाचा फक्त दहावा भाग दिसला तरी माणसं त्याच्या विश्वासार्हतेबद्दल, कर्तबगारीबद्दल मत बनवतात, आणि जास्त वेळ दिला तरी ते मत फारसं बदलत नाही, उलट अधिक ठाम होतं. यात एक मेख आहे. ही मतं अनेकांची सारखी असतात, पण म्हणून ती खरी नसतात. रुंद कपाळ म्हणजे भाग्यवान, बारीक डोळे म्हणजे कपटी, असं सांगणारं सामुद्रिक याच झटपट मतांना शास्त्राचा मुलामा देतं. नटाच्या चेहऱ्यावर रेघा आखून १.६१८ हे ‘सुवर्ण गुणोत्तर’ शोधणारे आणि ‘जगातला सर्वांत देखणा पुरुष’ जाहीर करणारेही त्याच पंक्तीतले. कुठून कुठपर्यंत मोजायचं हे आपणच ठरवलं, तर हवं ते गुणोत्तर कुठल्याही चेहऱ्यात सापडतं.

मग चेहरा आवडतो तो कशामुळे? १८७८ मध्ये फ्रान्सिस गाल्टनने गुन्हेगारांचे फोटो एकावर एक छापून ‘गुन्हेगाराचा नमुनेदार चेहरा’ मिळवायचा प्रयत्न केला. हाती आलेला चेहरा मूळच्या प्रत्येक चेहऱ्यापेक्षा बरा दिसत होता. ज्युडिथ लँगलॉइस आणि लोरी रॉगमन यांनी १९९० मध्ये संगणकाने हेच नीट करून पाहिलं: बऱ्याच चेहऱ्यांची सरासरी काढली की तो चेहरा लोकांना आकर्षक वाटतो. पण सरासरी कुणाची? जिलियन ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये लोकांना काही मिनिटं मुद्दाम दाबलेले किंवा फुगवलेले चेहरे दाखवले. तेवढ्यानेच त्यांची ‘सामान्य चेहऱ्या’ची कल्पना त्या बाजूला सरकली, आणि ‘आकर्षक’ची कल्पनाही तिच्याबरोबर सरकली. आपल्या डोक्यातला मापदंड जन्मजात कोरलेला नाही, तो पाहण्यातून घडतो. काही मिनिटांत एवढं होतं, तर नायकाच्या जागी एकाच तऱ्हेचे चेहरे दशकानुदशकं पाहून काय होत असेल?

आता ‘सगळे सारखेच दिसतात’कडे येऊ. ही तक्रार करणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरोखरच सारखे दिसतात. तान्ही बाळं मात्र ही तक्रार करत नाहीत. ऑलिव्हिए पास्कालिस यांच्या २००२ च्या प्रयोगात सहा महिन्यांची बाळं माकडांचे चेहरेसुद्धा एकमेकांपासून वेगळे ओळखत होती. नऊ महिन्यांच्या बाळांना ते जमेना. पुढे डेव्हिड केली आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या गोऱ्या बाळांवर प्रयोग केले. तीन महिन्यांची बाळं आफ्रिकी, मध्यपूर्वेतले, चिनी आणि गोरे अशा चारही गटांतले चेहरे वेगळे ओळखत, नऊ महिन्यांची फक्त गोऱ्यांचे. आवाजांचंही तसंच होतं. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी भाषक घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता, वर्षाची होईतो बहुतेकांचा तो हरवला. ‘माता’ आणि ‘माटा’ सारखंच ऐकणाऱ्या परदेशी माणसाच्या कानात काही बिघाड नसतो. त्याच्या मेंदूने न लागणारा फरक टिपणं सोडून दिलेलं असतं, इतकंच.

पण ‘सोडून देणं’ म्हणजे पेशींच्या पातळीवर नेमकं काय? इथे मला अतिशय आवडणारं संशोधन येतं. थोडं सावकाश वाचा.

१९९१ मध्ये टिम व्हॅलेंटाइन यांनी ‘चेहऱ्यांचा अवकाश’ ही कल्पना मांडली. शाळेतला आलेख आठवा: क्ष-अक्ष, य-अक्ष आणि त्यात एक बिंदू. प्रत्येक चेहरा हा असाच एक बिंदू समजायचा, मात्र अक्ष दोन नाहीत, पुष्कळ आहेत. एका अक्षावर चेहऱ्याची रुंदी आणि डोळ्यांमधलं अंतर मिळून बदलतं, दुसऱ्यावर कपाळ आणि केसांची रेषा, तिसऱ्यावर त्वचेचा पोत. २०१७ मध्ये ले चांग आणि डोरिस त्साओ यांनी माकडांच्या मेंदूत, चेहऱ्यांना प्रतिसाद देणाऱ्या भागांतल्या २०५ पेशींचे संकेत नोंदवले. चेहरे त्यांनी ५० अक्षांवर मांडले होते, २५ आकाराचे आणि २५ रंग-पोताचे. असं दिसलं की एखादी पेशी एखादा विशिष्ट चेहरा ‘ओळखत’ नाही. तिचा स्वतःचा एक अक्ष असतो, आणि समोरचा चेहरा त्या अक्षावर किती पुढे किंवा मागे पडतो एवढंच ती सांगते. सगळ्या पेशींचे आकडे एकत्र केले की माकडाला दाखवलेला चेहरा संगणकावर पुन्हा काढता येतो, आणि तो मूळ चेहऱ्याच्या इतका जवळ जातो की पाहून थक्क व्हायला होतं.

याचा एक परिणाम विलक्षण आहे. समजा दोन चेहऱ्यांतला फरक पेशीच्या अक्षाला काटकोनात आहे. म्हणजे इतर सगळं बदललं, पण त्या अक्षावरची जागा तीच राहिली. तर पेशी दोन्ही चेहऱ्यांना एकच प्रतिसाद देते. चांग आणि त्साओ यांनी असे चेहरे मुद्दाम तयार केले. आपल्याला ते एकमेकांपासून साफ वेगळे दिसतात, त्या पेशीच्या लेखी मात्र ते एकच. आता कल्पना करा की सगळ्याच पेशींचे अक्ष एका समाजातल्या चेहऱ्यांच्या विविधतेनुसार बेतले गेले आहेत. गोऱ्या चेहऱ्यांत केसांचा आणि डोळ्यांचा रंग पुष्कळ बदलतो, म्हणून त्या समाजात वाढलेल्याला हे अक्ष कामाचे. पण जिथे बहुतेकांचे केस आणि डोळे काळेच, तिथे ओळख दुसऱ्याच अक्षांवर असते. तिथले फरक या मेंदूच्या अक्षांना जवळपास काटकोनात पडतात. ते डोळ्यांपर्यंत पोचतात, पुढे मोजले जात नाहीत.

माकडाच्या पेशींवरून माणसाच्या प्रेक्षागृहापर्यंत येताना मधे अनुमानाची एक पायरी आहे. तिला आधार यंत्रांकडून मिळतो. एलिस ओटूल आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्येच उदाहरणांवरून शिकणारं एक साधं संगणकी जाळं एका वंशाच्या भरपूर आणि दुसऱ्याच्या मोजक्या चेहऱ्यांवर शिकवलं. ते दुसऱ्या गटात गोंधळलं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने चेहरे ओळखणाऱ्या १८९ संगणकी प्रणाली तपासल्या. अनेक प्रणाली आफ्रिकी आणि पूर्व आशियाई चेहऱ्यांत दोन वेगळ्या माणसांना एकच समजण्याची चूक कितीतरी अधिक वेळा करत होत्या. चीनमध्ये तयार झालेल्या काही प्रणालींत पूर्व आशियाई चेहऱ्यांबाबत मात्र ही चूक वाढत नव्हती. यंत्राला ना द्वेष असतो ना राजकारण. त्याला जे दाखवलं, त्यावर ते घडलं.

प्रतिनिधित्वावरच्या वादात एक गोष्ट कायम निसटते, ती इथून स्पष्ट दिसते. अक्ष तयार होतात ते विविधतेतून, आणि एका नमुन्यात विविधता नसते. पाच जणांच्या चमूत एक कृष्णवर्णीय किंवा एक आशियाई पात्र टाकलं, तर प्रेक्षकाच्या मेंदूला त्याला वेगळं काढायला ‘तो काळा’, ‘तो चिनी’ एवढी खूण पुरते. चेहरा शिकायची गरजच पडत नाही.

रायन कूगलर यांच्या ‘ब्लॅक पँथर’चं मोठेपण मला इथे दिसतं. चॅडविक बोसमनने साकारलेला नायक टी’चाला तिथे एकटा नाही. बहीण शुरी, आई रमोंडा, सेनानी ओकोये, नाकिया, डोंगरातला म्’बाकू आणि शत्रू किलमाँगर, सगळे त्याच वंशाचे आणि सगळे एकमेकांपासून पूर्ण वेगळे. त्वचेचा रंग ही खूण तिथे निरुपयोगी ठरते. कथा समजून घ्यायची तर चेहरे वाचावेच लागतात, आणि दोन-सव्वादोन तास ते वाचल्यावर बोसमनचा शांत, कमी बोलणारा, पापणीच्या हालचालीतून राजेपण दाखवणारा अभिनय पोचू लागतो. कृष्णवर्णीय नायकाचा सिनेमा अमेरिकेबाहेर चालत नाही, ही हॉलिवूडची जुनी समजूत होती. या सिनेमाने जगभरात १३० कोटी डॉलरहून अधिक कमावले, त्यातले जवळपास निम्मे अमेरिकेबाहेरून.

एका सिनेमाने पूर्वग्रह नाहीसा होतो असं कुणी सांगितलं, तर मात्र विश्वास ठेवू नका. सिनेमाच्या जाहिरातींत असले दावे फार झाले. प्रयोगशाळेत दिसलेली गोष्ट अधिक नेमकी आहे. सोफी लेब्रेख्ट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये गोऱ्या सहभागींना आफ्रिकी-अमेरिकी चेहरे एकेक करून वेगळे ओळखायला शिकवलं. ज्यांना असा सराव मिळाला त्यांच्या नकळतच्या पूर्वग्रहाची मोजणी खाली आली. तेच चेहरे नुसते ‘कोणत्या वंशाचे’ एवढंच ओळखणाऱ्यांत तसं झालं नाही. वयाचाही प्रश्न आहे. एलिनॉर मॅकोन आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात बारा वर्षांच्या आतला सहवास चेहरे ओळखायला उपयोगी पडलेला दिसला, मोठेपणीचा सहवास तेवढा नाही. तो सहवास प्रत्यक्षातला होता, पडद्यावरचा नव्हे. तरीही सुपरहिरोंची चित्रं दप्तरावर आणि डब्यावर कोणत्या वयात येतात हे लक्षात घेतलं, तर कोणाचे चेहरे तिथे आहेत याची मला काळजी वाटते.

आपल्याकडे पुण्यात ईशान्य भारतातून शिकायला येणाऱ्या मुलामुलींना ‘तुम्ही सगळे सारखेच दिसता’ हे किती वेळा ऐकावं लागतं ते त्यांना विचारा. २०१४ मध्ये मणिपूरच्या मेरी कोमवर हिंदी सिनेमा झाला तेव्हा मुख्य भूमिका प्रियांका चोप्राने केली. तिने मेहनत घेतली, यात शंका नाही. पण त्या निवडीमागे ‘तिकडच्या चेहऱ्यात करिष्मा नाही, प्रेक्षक येणार नाही’ हाच हिशेब असणार असं मला वाटतं, आणि तो हिशेब स्वतःलाच खरं ठरवत राहतो: चेहरे दाखवले नाहीत म्हणून अक्ष घडत नाहीत, अक्ष नाहीत म्हणून चेहरे पोचत नाहीत. मला मणिपूर किंवा नागालँडमधला एखादा ॲक्शनपट हिंदीत, मराठीत पाहायचा आहे. त्यात नायिकेबरोबर तिची आई, तिचा भाऊ, प्रशिक्षक, वैरी आणि वैऱ्याचा डावा-उजवा हात, सगळे तिथलेच हवेत, आणि मारामारीत कोण कोणाला मारतंय हे कळायला मला त्यांचे चेहरेच पाहावे लागले पाहिजेत.