दरवाज्याचा ‘थप्प’ आणि टायरची घरघर

नवी गाडी बघायला गेलेला माणूस इंजिनाबद्दल काही विचारो न विचारो, दरवाजा दोनदा तरी लावून बघतोच. ‘थप्प’ वाजला की गाडी दणकट, ‘खण्ण’ वाजला की पत्रा हलका, असा आपला सरळ हिशेब. साउंडप्रूफिंग करून देणाऱ्यांना ही सवय पक्की ठाऊक असते. ते एका पत्र्यावर काळी चिकट शीट लावून दाखवतात, दुसरा कोरा ठेवतात आणि गिऱ्हाइकाला दोन्हींवर टकटक करायला सांगतात. कोरा पत्रा घंटेसारखा वाजत राहतो, शीट लावलेला लाकडी फळीसारखा मुका होतो. पुढे फारसं बोलावं लागत नाही. ही चाचणी खोटी नाही. फक्त तिच्यातून जे सिद्ध होतं, त्याचा ताशी १०० किलोमीटरने जाताना कानावर येणाऱ्या आवाजाशी संबंध थोडाच आहे. तो किती, हे समजून घेतलं तर बरेच पैसे वाचतात.

टिचकी मारलेला पत्रा स्वतःच्या ठरावीक वारंवारितांवर थरथरतो. स्टीलमध्ये अंतर्गत घर्षण फार कमी, त्यामुळे ही थरथर लवकर विरत नाही. घरातली स्टीलची परात कडेला धरून पाठीवर टिचकी मारून बघा. मग मध्यभागी मळलेल्या कणकेचा गोळा थापून पुन्हा मारा. परात तीच, टिचकी तीच, पण नाद गेला. पत्रा वाकतो तशी त्याला चिकटलेली कणीक ताणली-दाबली जाते, आणि त्या हालचालीतली ऊर्जा कणकेच्या आतच उष्णतेत बदलते. किती उष्णता? हाताला सोडाच, साध्या तापमापकालाही कळणार नाही इतकी थोडी, कारण आवाजात मुळात ऊर्जाच फार कमी असते. कान मात्र विलक्षण संवेदनशील असल्याने आपल्याला फरक ताबडतोब कळतो.

काळी शीटही हेच करते; कंप असा जिरवण्याला डॅम्पिंग म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान ओबर्स्ट यांनी १९५२ मध्ये अशा लेपांचं गणित मांडलं. आजही डॅम्पिंगचं सामान तपासताना त्याचा थर एका धातूच्या पट्टीवर लावतात, पट्टीला कंप देतात आणि तो किती लवकर विरतो ते मोजतात. त्या पट्टीला ‘ओबर्स्ट बार’च म्हणतात. मोकळ्या लेपाची अडचण अशी की तो चांगला जाड असावा लागतो. १९५९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड कर्विन यांनी त्यावरच्या युक्तीचं विश्लेषण प्रसिद्ध केलं: मऊ थरावर एक पातळ पण ताठ थर चढवायचा. खालचा पत्रा वाकताना मऊ थराचा तळ त्याच्याबरोबर सरकू पाहतो, वरचा ताठ थर त्याला अडवतो आणि मधल्या मऊ थराची कातर होते, म्हणजे त्याची खालची आणि वरची बाजू एकमेकींच्या उलट सरकतात. या कातरीत ऊर्जा कितीतरी जास्त खर्ची पडते. बाजारातल्या ब्यूटिल रबराच्या शीटवर ॲल्युमिनियमची फॉइल असते ती यासाठी. पुष्कळांना ती उष्णता परतवण्यासाठी आहे असं वाटतं, आणि विकणारेही हा समज दूर करायच्या फंदात पडत नाहीत.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. शीट पत्र्याला पूर्ण चिकटलेली हवी. खाली हवेचा फुगा राहिला तर तेवढ्या भागात कातर होत नाही आणि शीट नुसतं वजन म्हणून राहते. म्हणून लावताना रोलर जोर देऊन फिरवायचा. दुसरी गोष्ट, इंचन् इंच पत्रा झाकायची गरज नसते. कडा आणि घड्या आधीच ताठ असतात. थरथरतो तो मधला सपाट भाग. तिथे पाव ते निम्मा भाग झाकला की डॅम्पिंगचा बहुतेक फायदा पदरात पडतो. ‘शंभर टक्के कव्हरेज’ हे वाक्य बिलासाठी चांगलं आहे.

कारखान्यातून निघालेल्या गाडीतही हे सगळं थोडंफार असतंच. तळाच्या पत्र्यावर डांबरी चकत्या ठेवतात आणि रंग सुकवण्याच्या भट्टीत गाडी गेली की त्या वितळून पत्र्याला घट्ट बसतात. हल्ली पुष्कळ कारखान्यांत त्यांच्या जागी यंत्रमानव पाण्यात मिसळलेला लेप फवारतात. पुणेकर ज्या टेकडीला एआरएआय टेकडी म्हणतात, तिथल्या १९६६ साली स्थापन झालेल्या वाहन संशोधन संस्थेत गाड्यांचा आवाज आणि कंपनं मोजण्याची खास प्रयोगशाळा आहे. म्हणजे आपण दुकानात जातो तेव्हा पत्र्यावरचा सोपा फायदा कंपनीने आधीच काढून घेतलेला असण्याची शक्यता बरीच असते. स्वस्त गाडीत थोडा उरलेला असतो, महागडीत कमी.

आता गाडी रस्त्यावर काढू. शहरात इंजिन ऐकू येतं. ताशी ४०-५० च्या पुढे टायर त्याच्यावर मात करतो आणि शंभरीकडे जाताना वारा सामील होतो. टायरचा आवाज दोन वाटांनी येतो. खडबडीत रस्त्याचे हादरे चाक, सस्पेन्शन आणि बॉडी असा प्रवास करून पत्रे हलवतात. ही साधारण ५०० हर्ट्झच्या खालची घरघर. त्याच वेळी नक्षीतली हवा दाबली-सुटली जाऊन आणि रबराचे ठोकळे रस्त्यावर आपटून जो आवाज होतो, तो हवेतून येऊन काचा, दरवाजे आणि तळ यांतून आत घुसतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धी महामार्गावर टायर जास्त गातो याचं कारण काँक्रीट. पाणी निघून जावं आणि पकड राहावी म्हणून त्याच्या पृष्ठभागावर मुद्दाम चरे पाडतात. हे चरे आडवे आणि एकसारख्या अंतरावर असले की टायर त्यांवरून जाताना एकसुरी शीळ निघते. एखाद्या डांबरी पट्ट्यावर गाडी आली की ही शीळ अचानक थांबते.

वाऱ्याचं गणित आणखी कठोर आहे. त्याच्या आवाजाची शक्ती वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. ताशी ८० वरून १२० वर गेलात तर वारा सुमारे १० डेसिबलने, म्हणजे कानाला जवळपास दुप्पट वाटेल इतका वाढतो. त्याच बदलात टायर ५ ते ७ डेसिबलने वाढतो.

हवेतून येणारा आवाज अडवायला लागतं वजन. अडथळ्याचं दर चौरस मीटर वजन दुप्पट केलं की तत्त्वतः ६ डेसिबल आवाज जास्त अडतो. गाडीचा ०.७ मिलिमीटर पत्रा चौरस मीटरला साधारण साडेपाच किलो भरतो. त्यावर २ मिलिमीटरची ब्यूटिल शीट लावली तर तीन-साडेतीन किलोची भर पडते. हिशेब केला तर मिळतात जेमतेम ४ डेसिबल, तेही पूर्ण पत्रा झाकल्यावर. अडथळा म्हणून वेगळी वस्तू मिळते: वजनदार भुकटी भरलेली व्हिनाइलची जाड चादर, चौरस मीटरला पाचेक किलोची. ती पत्र्यावर थेट न चिकटवता मध्ये फोम ठेवून तरंगती बसवली तर जास्त फायदा देते, कारण मग पत्रा, फोम आणि चादर मिळून दुहेरी भिंत होते. हे काम गाडीच्या तळावर नीट होतं. दरवाज्यात जागा नसते.

पण वजनाचा हा सगळा खेळ एक फट मोडून काढते. समजा दरवाजा एक चौरस मीटरचा आहे आणि त्याच्या रबर बीडिंगमध्ये एक मीटर लांब, एक मिलिमीटर रुंद फट आहे. ही फट दरवाज्याच्या एक हजारांश भागाएवढी. आता दरवाजा शिशाचा केला तरी तो ३० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकणार नाही, कारण तेवढा फटीतूनच आत येतो. फट एक टक्का असेल तर कमाल मर्यादा २० डेसिबल. गाडी चार-पाच वर्षांची झाली की उन्हाने बीडिंग कडक होते, चेपते, कोपऱ्यात फाटते. नंतर बसवलेल्या दिव्यांची किंवा हॉर्नची वायर इंजिनाच्या बाजूने आत घेताना भोक पाडून रबरी बूच न बसवणारे मेकॅनिकही कमी नाहीत. बीडिंग आणि दरवाजाची चौकट यांमध्ये कागदाची पट्टी ठेवून दरवाजा लावा आणि पट्टी ओढा. जिथे ती सहज सुटून येते तिथे आधी पैसे घाला. माझ्या मते जुन्या गाडीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय हाच.

तिसरा प्रकार शोषकांचा: फोम, नमदा, कापसाच्या टाकाऊ धाग्यांची गादी. हे आवाज अडवत नाहीत. आत आलेला आवाज पत्र्यांमध्ये आपटत फिरतो तो कमी करतात. तंतूंच्या मधून हवा पुढेमागे सरकताना घर्षण होतं आणि ऊर्जा जाते. यात जाडीला पर्याय नाही. भिंतीला लागून हवा जवळजवळ हलतच नाही. ती सर्वांत जोरात हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. १००० हर्ट्झच्या आवाजाची पाव तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटर, १०० हर्ट्झची ८५. तेव्हा दरवाज्यातल्या एक सेंटिमीटरच्या फोमने वाऱ्याची सूं-सूं थोडी मऊ होईल, टायरच्या घरघरीला तो दिसणारही नाही. शिवाय पुष्कळ दुकानांत मिळणारा काळा गुळगुळीत फोम बंद बुडबुड्यांचा असतो. त्यात हवा शिरतच नाही, मग शोषणार काय? दोन वस्तू एकमेकींवर घासू नयेत म्हणून तो उत्तम, शोषक म्हणून जवळपास निरुपयोगी.

खालच्या सुरातला घुमारा या तिघांनाही दाद देत नाही. गाडीच्या आतली हवा दोन मीटर लांबीची धरली तर ती साधारण ८५ हर्ट्झला घुमते. टायरच्या आतल्या हवेच्या कड्याचाही स्वतःचा सूर असतो, २०० हर्ट्झच्या आसपास; म्हणून काही टायरांच्या आत कारखान्यातच फोमचा पट्टा चिकटवतात. घुमाऱ्यावर विरुद्ध लाटेचा उतारा चालतो: आवाजाच्या नेमकी उलटी लाट स्पीकरमधून सोडून तो खोडायचा. ही कल्पना जर्मनीतल्या पाउल ल्यूग यांच्या १९३०च्या दशकातल्या पेटंटमध्ये आहे. गाडीच्या स्पीकरमधून ती चालवण्याइतकी वेगवान गणकचिप मिळायला पुढे कित्येक दशकं गेली.

आणि काच. दरवाज्याचा वरचा अर्धा भाग काचच असतो, तिला कुणी शीट लावू शकत नाही. चार मिलिमीटरची काच वजनाला पत्र्यापेक्षा जड, पण ३००० हर्ट्झच्या आसपास तिच्यातली वाकण्याची लाट आणि हवेतली लाट एकाच गतीने धावतात व आवाज सहज आरपार जातो. वाऱ्याचा आवाज नेमका त्या पट्ट्यातही भरपूर असतो. उपाय म्हणजे दोन काचांमध्ये मऊ प्लास्टिकचा थर, पुन्हा कर्विनचीच कातर. समोरची काच तशी असते, बाजूच्या बहुतेक गाड्यांत साध्या.

आता बेरीज करू. उदाहरणापुरतं धरू की टायर ६६ डेसिबल, वारा ६२ आणि इंजिन ५८. डेसिबल सरळ मिळवत नाहीत. एकूण होतात सुमारे ६८. तुम्ही बॉनेटखाली उत्तम गादी लावून इंजिन पार गप्प केलंत, तरी एकूण आवाज उतरतो अर्धा डेसिबल. तेवढा फरक कानाला कळत नाही. तेच टायरचा आवाज ६ डेसिबलने कमी केलात तर एकूण जवळजवळ ३ उतरतात, आणि ते जाणवतात. तीन नळांपैकी जो मोठा वाहतो आहे तोच आधी बंद करायचा, पण आपण हात घालतो तो सोपा असेल तिथे. दरवाजे सोपे असतात, शिवाय वाजवून दाखवता येतात.

म्हणून क्रम साधा ठेवावा. टायर बदलायला आले असतील तर कमी आवाजाचे घ्यावेत. करवतीसारखे असमान झिजलेले टायर असतील तर अलाइनमेंट आधी. मग बीडिंग. मग चाकांच्या कमानी, तळ आणि डिकीतला स्पेअर टायरचा खड्डा, कारण मागचा आवाज तिथूनच येतो. दरवाजे त्यानंतर. ते केल्याने स्पीकर मात्र खरंच सुधारतात, कारण स्पीकर ज्या पत्र्यावर बसतो तोच वाजायचा थांबतो. टपाला शीट लावली तर पावसाचा ताशा बऱ्यापैकी उतरतो. तिथे टकटक चाचणी आणि खरी अडचण एकच आहे. पण टपाजवळून आणि खांबांतून पडदा-एअरबॅग जात असेल तर ते काम ओळखीच्या हौशी माणसाकडे देऊ नये.

दरवाज्याच्या तळाशी पाणी जाण्याची भोकं असतात. शीटने ती बुजली की कोकणातल्या एका पावसाळ्यात दरवाजा आतून गंजायला लागतो. ब्यूटिलच्या नावाखाली गच्चीच्या गळतीची डांबरी पट्टी लावून घेतलीत तर मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत डांबराचा वास येईल आणि टपाची पट्टी ओघळेल. चांगल्या ब्यूटिलचंही डॅम्पिंग तापमानाबरोबर बदलतं, ते वेगळंच. वजनही मोजावं: दहा चौरस मीटर शीट म्हणजे तीसेक किलो कायमचा प्रवासी.

हे सगळं नीट जमलं की आठवड्याभरात एक नवी तक्रार सुरू होते. डॅशबोर्डमधून ‘किर्र’, मागच्या सीटच्या कुलपातून ‘टिक टिक’. हे आवाज आधीही होते. टायरची घरघर त्यांना झाकत होती. इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांना तर इंजिनाचा पडदाच नसल्याने पहिल्या दिवसापासून हे ऐकू येतं. त्यावर शीट, फोम, व्हिनाइल काही चालत नाही. वायरिंगवर गुंडाळतात ती कापडी टेप घ्यायची, शेजारी कुणाला तरी बसवून प्लास्टिक जिथे जिथे प्लास्टिकला घासतं ते हाताने दाबत जायचं, आणि आवाज थांबेल तिथे बोटभर पट्टी चिकटवायची.