अजिंठ्याच्या चित्रांवरचा चपडा: पार्श्वभूमी

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रासायनिक जतनाची चर्चा निघाली की ती लवकरच एकाच प्रश्नाशी येऊन थांबते. 1920 ते 1922 या काळात चित्रांवर लाखेचे, म्हणजेच चपड्याचे, रोगण चढवण्याचा निर्णय योग्य होता की अयोग्य? हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांना दोष देणे सोपे आहे, आणि आजवर बहुतेकांनी तेच केले आहे. लाख ही कोणत्या प्रकारची वस्तू आहे, तिच्यात काळानुसार काय बदल होतात आणि नंतरच्या पिढ्यांनी तिच्या जागी काय वापरले, याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे.

वस्तूंच्या जतनासाठी रसायनशास्त्राचा पद्धतशीर उपयोग युरोपातल्या संग्रहालयांत सुरू झाला. बर्लिनच्या शाही संग्रहालयांनी 1888 मध्ये स्वतःची प्रयोगशाळा उभारली. पहिल्या महायुद्धात भुयारात हलवलेल्या वस्तू गंजून, बुरसटून परत आल्यावर लंडनच्या मोठ्या संग्रहालयालाही तशी प्रयोगशाळा उभारावी लागली. भारतात केंद्रीय पुरातत्त्व खात्यात रसायनतज्ज्ञाचे पद 1917 मध्ये निर्माण झाले. 1930 मध्ये मद्रासच्या सरकारी संग्रहालयात प्रयोगशाळा सुरू झाली आणि दक्षिणेतील कांस्यमूर्तींवरचा हिरवा, भुसभुशीत गंज विद्युतरासायनिक पद्धतीने काढण्याचे काम तिथे झाले. याच प्रयोगशाळेत दक्षिणेतील व दख्खनमधील भित्तिचित्रांच्या तंत्राचाही अभ्यास झाला. अजिंठ्यासाठी तो फार मोलाचा ठरला, कारण युरोपात परिचित असलेल्या ओल्या चुन्यावरच्या चित्रांपेक्षा ही चित्रे मुळातच वेगळी आहेत, हे त्या अभ्यासातून स्पष्ट झाले.

हा वेगळेपणा नीट लक्षात घ्यायला हवा. ओल्या चुन्यावर रंगवलेल्या चित्रात चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो आणि रंगाचे कण त्या दगडासारख्या थरातच अडकतात. अजिंठ्यात बेसाल्टच्या खडबडीत भिंतीवर माती, वाळू, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा आहे, त्यावर पातळ पांढरा हात आहे, आणि कोरड्या झालेल्या त्या पांढऱ्या पृष्ठभागावर सरस किंवा डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावलेले आहेत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती आणि काजळी हे रंग साधे आणि टिकाऊ असून ते शेकडो वर्षे जवळजवळ तसेच राहतात. निळा मात्र अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द या निळ्या दगडाचा आहे आणि तो फक्त उत्तरकालीन लेण्यांत आढळतो. म्हणजे या चित्रांत रंगापेक्षा त्याला धरून ठेवणारा सेंद्रिय चिकटा अधिक नाजूक आहे. पाणी, तीव्र अल्कली किंवा जिवाणू यांच्यापुढे तो तग धरत नाही. गिलाव्यातल्या वनस्पतींच्या तंतूंवर तर कीटकही तुटून पडतात. वेरुळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळले आणि अजिंठ्याच्या नाही, असे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवले गेले. कीटकांचा उपद्रव दोन्हीकडे सारखा का नाही, याचा एक धागा तिथे मिळतो.

रोगणाची गोष्ट 1920 च्याही आधी सुरू होते. 1844 पासून एका लष्करी अधिकाऱ्याने तयार केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृतींपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून करवून घेतलेल्या प्रतिकृतींपैकीही कित्येक 1885 मध्ये लंडनच्या एका संग्रहालयातल्या आगीत नष्ट झाल्या. या दुसऱ्या मोहिमेत चित्र स्पष्ट दिसावे म्हणून काही भिंतींवर रोगण फासले गेले होते. प्रतिकृती जळाल्या आणि भिंतीवरचे रोगण राहिले. एका अर्थी, नक्कल उतरवण्याच्या घाईची किंमत मूळ चित्राने मोजली.

त्यानंतर निजामाच्या राज्यात पुरातत्त्वविषयक स्वतंत्र खाते सुरू झाले आणि अजिंठा त्या राज्याच्या हद्दीत असल्याने चित्रांची जबाबदारीही त्या खात्याकडे आली. या खात्याने इटलीतून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी पडायला आलेल्या गिलाव्याच्या कडा बांधून घेतल्या, पोकळ झालेले भाग भरले, आणि रंगाचे सुटलेले पापुद्रे जागेवर बसावेत म्हणून स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख लावली. यापैकी पहिल्या कामामुळे मोठे तुकडे वाचले, आणि या श्रेयाचा उल्लेख होत नाही ही खेदाची बाब आहे. 1920 साली लाख हा विचारपूर्वक निवडलेला पदार्थ होता. तो देशात मुबलक मिळत असे, लवकर सुकत असे आणि अल्कोहोलमध्ये सहज विरघळत असल्याने गरज पडल्यास काढता येईल, अशी रास्त अपेक्षा होती. लाकडी सामानाला चपड्याचे पॉलिश करणाऱ्या कारागिराला हा पदार्थ पुरता ठाऊक होता. पण कपाटाचे पॉलिश खरवडून नवे देता येते. अजिंठ्याच्या भिंतीला ती सोय नव्हती.

लाख पुढे बदलते ती तिच्या घडणीमुळे. लाखेच्या रेणूंवर आम्लगट आणि हायड्रॉक्सिल गट दोन्ही असतात, आणि ते परस्परांशी जोडले जाऊ शकतात. उष्णता, प्रकाश आणि काळ यांच्या प्रभावाखाली ते जोडले जातात, पाणी सुटते आणि सुट्या रेणूंचे एक घट्ट जाळे तयार होते. मग जे अल्कोहोल पूर्वी तिला सहज विरघळवत होते ते तिला फक्त फुगवते. रंगही बदलतो आणि पारदर्शक थर पिवळा, मग तपकिरी होत जातो. लाजवर्दावर असा पिवळा थर आला की निळा हिरवट दिसतो, पांढऱ्यावर तो मळकट दिसतो, आणि चित्रकाराने मोजून ठेवलेला प्रकाश-छायेचा तोल ढासळतो. शिवाय आकसणारा थर सुटलेल्या पापुद्र्याच्या कडा वर ओढतो आणि भिंतीतून झिरपणारी पावसाळी ओल बाहेर जाण्याची वाट अडवतो. धूळ, काजळी आणि वटवाघळांची घाण त्याला चिकटते ती वेगळीच.

केंद्रीय खात्याकडे अजिंठा आल्यानंतर, म्हणजे 1950 च्या दशकापासून, हा थर उतरवण्याचे काम सुरू झाले आणि रसायनशास्त्राची खरी कसोटी तिथे लागली. जुनाट लाख सैल करायची तर अल्कलीयुक्त किंवा तीव्र द्रावके लागतात. तीच द्रावके खालचा सेंद्रिय चिकटाही सैल करतात. म्हणून आधी नखाएवढ्या जागेवर चाचणी करावी लागते. कापसाच्या बोळ्यावर द्रावक घेऊन अगदी हलके फिरवतात आणि बोळा तपासतात. तो पिवळा-तपकिरी झाला तर रोगण सुटत आहे. तो तांबूस झाला तर गेरू सुटत आहे, आणि त्याच क्षणी थांबावे लागते. पुढच्या हातभर जागेवर हीच परीक्षा नव्याने द्यावी लागते, कारण रोगण किती जाड आहे, किती हात लागले आहेत आणि खाली कोणता रंग आहे हे जागोजागी बदलते.

या कामाला सूक्ष्म नमुन्यांची जोड मिळाल्यावर निर्णय अधिक भक्कम झाले. मोहरीहूनही लहान कण रेझिनमध्ये बसवून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की गिलावा, पांढरा हात, रंग आणि तपकिरी थर एकावर एक असे दिसतात. काजळी रोगणाच्या खाली असेल तर धूर आधीचा. वर असेल तर नंतरचा. अतिनील प्रकाशात जुनी लाख नारिंगी चमकते, त्यामुळे रोगण कुठपर्यंत पसरले आहे हे भिंतीला हात न लावता समजते. अवरक्त छायाचित्रणात तपकिरी थर बराचसा अदृश्य होऊन काळ्या रेषा उमटतात, पण काजळीही कार्बनच असल्याने तिच्याखालची रेषा हाती लागेलच असे नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून लेणी क्रमांक 9 आणि 10 मधील काळवंडलेले थर उतरवले गेले आणि देशातल्या सर्वांत जुन्या बौद्ध चित्रांचे बरेच भाग पुन्हा वाचता येऊ लागले, हे या सगळ्या तयारीचे फळ आहे.

तरीही दोषाचा हिशेब इथे पूर्ण होत नाही. लाख उतरवल्यानंतर चित्रांवर संरक्षक म्हणून पॉलिव्हिनिल अॅसिटेट या कृत्रिम रेझिनचा थर दिला जात होता. हाही थर विरघळवून काढता येईल, या भरवशावरच तो निवडला गेला. हा पदार्थ साधारण 30 ते 40 अंश तापमानाला मऊ पडू लागतो आणि मऊ पडल्यावर धूळ धरतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या प्रदेशात ही मोठीच अडचण आहे. इटालियन तज्ज्ञांवर जितक्या तावातावाने टीका झाली, तितकी या नंतरच्या निर्णयावर झाली नाही, आणि टीकेची ही मापे सारखी असायला हवीत असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

अलीकडे चित्राच्या पृष्ठभागावर नवा थर न देता फक्त गिलाव्याच्या पोकळ्या आणि कडा सुरक्षित करण्याकडे, तसेच लेण्यांतील प्रकाश, आर्द्रता आणि एका वेळची गर्दी आटोक्यात ठेवण्याकडे कल वाढला आहे. पण जिथे मूळ चिकटा संपूर्ण नष्ट झाला आहे, तिथे जुनी लाखच रंगाचे कण धरून असण्याची शक्यता आहे. अशा ठिकाणी ती काढली तर चित्र तिच्याबरोबर जाईल. ठेवली तर ते तपकिरी राहील. त्यामुळे प्रत्येक पापुद्र्यासाठी हा निर्णय अजूनही स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.