दोन दिवस ठेवलेले पाणी आणि सायकल पूर्ण झालेली टाकी

नवीन काचेची टाकी घरी आणली की दुकानदाराची पहिली सूचना ठरलेली असते: पाणी भरा, दोन दिवस तसेच ठेवा आणि मग मासे सोडा. ही सूचना चुकीची नाही, पण अपुरी आहे. तिच्यामुळे मासे पाळू लागणाऱ्यांचा असा समज होतो की दोन दिवस ठेवलेले पाणी म्हणजेच तयार टाकी. वास्तविक या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिलीत पाण्यात आधीपासून असलेले विष निघून जाते. दुसरीत मासे आल्यावर रोज तयार होणारे विष पचवण्याची क्षमता टाकीत निर्माण होते.

पहिली गोष्ट सोपी आहे. नाशिकमध्ये महापालिकेचे पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येते आणि शुद्धीकरण केंद्रात त्यात क्लोरीन मिसळलेले असते. जंतू मारण्यासाठी घातलेला हा क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना भाजतो. उघड्या बादलीत किंवा टाकीत पाणी २४ ते ४८ तास ठेवले, त्यात एअर पंप सुरू ठेवला, तर तो उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब, म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेटचे द्रावण, काही मिनिटांत तेच काम करते. क्लोरीनऐवजी क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे अधिक टिकाऊ संयुग) वापरले जाते तिथे मात्र नुसते पाणी ठेवून भागत नाही. पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आले की क्लोरीनची मात्रा वाढवावी लागते, त्यामुळे त्या दिवसांत नळाला वास येत असेल तर थेंबांवर भर देणे शहाणपणाचे.

दुसऱ्या गोष्टीला वेळ लागतो, आणि गल्लत नेमकी इथेच होते. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. त्याची विष्ठा आणि तळाशी कुजणारे उरलेले खाद्य त्यात भर घालतात. निसर्गात दोन प्रकारचे जिवाणू हा अमोनिया हाताळतात. नायट्रोसोमोनास आणि त्याच्या जातकुळीतले जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर नायट्रोस्पायरासारखे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया कल्ले जाळतो आणि नायट्राइट माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती काढून घेतो. नायट्रेट मात्र बराच सौम्य असतो आणि नियमित पाणी बदलून तो आटोक्यात ठेवता येतो. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, तर फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. त्यांची पुरेशी वसाहत तयार होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. यालाच टाकी सायकल करणे म्हणतात.

म्हणून नुसते पाणी भरून टाकी महिनाभर ठेवली तरी ती सायकल होत नाही, कारण जिवाणूंना खायलाच काही मिळालेले नसते. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसणे हाही पुरावा नव्हे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही रंगहीन आहेत. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ होते तेही या जिवाणूंमुळे नव्हे, तर सेंद्रिय कचऱ्यावर झपाट्याने वाढणाऱ्या वेगळ्याच जिवाणूंमुळे.

ज्यांच्याकडे बोअरचे पाणी येते त्यांचा गैरसमज तर अधिक पक्का असतो. त्या पाण्यात क्लोरीन नसतो, त्यामुळे पहिला टप्पा गाळता येतो, दुसरा नाही. उलट असे पाणी अनेकदा जड आणि अल्कधर्मी असते, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनिया अधिक विषारी रूपात राहतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग या घातक रूपात असतो, पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो.

सायकल मासे न घालता करावी, असे माझे ठाम मत आहे. सोशीक म्हणून एखाद्या जिवाला महिनाभर विषात ठेवणे मला पटत नाही. क्लोरीन काढलेले पाणी भरून फिल्टर अखंड चालू ठेवावा आणि रोज चिमूटभर खाद्य टाकावे, किंवा शुद्ध अमोनियम क्लोराईड मिळाल्यास ५० लिटर पाण्याला सुमारे ०.३ ग्रॅम द्यावे, म्हणजे अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या) आसपास जातो. ओळखीच्या कोणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधील स्पंजचा तुकडा आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. विरजणासारखे काम करून तो आठवडे वाचवतो. नाशिकच्या थंडीत पाणी गार पडले की जिवाणू मंदावतात, म्हणून हिवाळ्यात हीटर लावून तापमान २५ ते २८ अंश ठेवावे.

टाकी तयार झाली की नाही, हे टेस्ट किट सांगते. काचेच्या नळीत टाकीतले पाणी घेऊन थेंब घालावेत आणि सांगितलेली मिनिटे थांबावे. सर्रास मिळणाऱ्या किटमध्ये अमोनिया नसेल तर पाणी पिवळे राहते, असेल तर हिरवट होत जाते. नायट्राइटच्या नळीत आकाशी रंग म्हणजे शून्य आणि जांभळा म्हणजे धोका. २ पीपीएम अमोनिया दिल्यानंतर २४ तासांत दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले, की टाकी तयार झाली असे समजावे.

या दोन गोष्टी एका ठिकाणी मात्र एकमेकींना भिडतात. क्लोरीन माशांप्रमाणेच या जिवाणूंनाही मारतो. पाणी खराब झाले म्हणून संपूर्ण टाकी रिकामी करून स्पंज नळाखाली खळखळून धुणारा माणूस महिनाभराची मेहनत त्या वाहत्या पाण्यात सोडून देतो. स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलका पिळावा. तपकिरी गाळ निघेल, जिवाणू राहतील. टाकी सायकल झाल्यावरही दर आठवड्याला बदलायचे २५ टक्के पाणी क्लोरीन काढूनच घालावे.

तयार टाकीतही सगळे मासे एकदम सोडू नयेत. आधी बरेचसे पाणी बदलून साठलेला नायट्रेट कमी करावा, मग थोडे मासे सोडून एक-दोन आठवडे चाचणी करत राहावी आणि अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर टिकले तरच पुढचे आणावेत. मासे आणण्यास उशीर होणार असेल तर जिवाणूंना अमोनिया देणे तोवर थांबवू नये.