सेप्टिक टँक तुंबायची वाट बघू नका

"सेप्टिक टँक भरली की बघू" असं घरमालक सहज बोलून जातात आणि सगळा घोळ याच वाक्यात आहे, कारण सेप्टिक टँक कायमच भरलेली असते. नवीन टाकी वापरात आली की थोड्याच दिवसांत पाणी आउटलेटच्या पाइपापर्यंत चढतं आणि मग तिथेच राहतं, घरातून बादलीभर पाणी आत गेलं की बादलीभर पाणी पलीकडून बाहेर पडतं. त्यामुळे झाकण उघडल्यावर पाणी वरपर्यंत दिसलं म्हणजे टाकी बिघडली असं नाही, आणि फ्लश व्यवस्थित होतोय म्हणजे टाकी ठणठणीत असंही नाही. बघायचं असतं ते पाण्याखाली किती साचलंय.

टाकीचं खरं काम पाण्याला थांबवायचं. साधारण एक-दोन दिवस पाणी आत शांत राहिलं की जड मैला तळाशी बसतो, तेल आणि साबणाचा चिकटा वर येऊन त्याचा जाड तवंग धरतो, आणि मधलं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी आउटलेटच्या T आकाराच्या पाइपातून बाहेर शोषखड्ड्याकडे जातं, म्हणजे जिथून ते जमिनीत मुरतं त्या खड्ड्याकडे. तळाच्या गाळात ऑक्सिजन नसतो, तिथे बिनऑक्सिजनचे जिवाणू मैला कुजवत बसतात आणि मिथेन, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड असे वायू सोडतात. फ्रान्समधल्या ज्याँ-लुई मुरास यांनी 1881 साली अशा बंद टाकीचं पेटंट घेतलं तेव्हा मैला आपोआप विरघळतो याचंच मोठं अप्रूप होतं. विरघळतो हे खरंय, पण सगळा नाही. माती, केस, कापडाचे धागे, मेलेल्या जिवाणूंचा चोथा हे सगळं उरतंच आणि दरवर्षी थोडं थोडं चढत जातं.

आता हिशोब बघा. टाकी 2000 लिटरची आणि घरातून रोज 500 लिटर पाणी येतंय, तर पाण्याला थांबायला 4 दिवस मिळतात. गाळ आणि तवंग मिळून 1500 लिटर जागा खाऊन बसले की उरतो 1 दिवस, तोही कागदावर, कारण सकाळी सगळ्यांच्या आंघोळी आणि वॉशिंग मशीन एकदम सुरू झालं की पाणी सरळ धावतं आणि गाळ ढवळून सोबत घेऊन जातं. घरात तुम्हाला काहीच कळत नाही, मैला मात्र शोषखड्ड्यात पोचायला लागलेला असतो.

आणि खरं नुकसान तिथे होतं, मातीत. सांडपाणी जिथे मातीला टेकतं तिथे जिवाणूंचा एक काळा बुळबुळीत थर तयार होतो. तो पातळ असेल तर फायद्याचाच असतो, पाणी हळूहळू झिरपतं, रोगजंतू बरेचसे तिथेच अडकतात आणि खालच्या कोरड्या, हवा खेळणाऱ्या मातीतले जिवाणू बाकीचं काम करतात. पण वरून सतत चरबी आणि मैला यायला लागला की थर जाड होतो, पाणी तुंबून उभं राहतं, मातीतली हवा संपते, हवा संपली की बिनऑक्सिजनचे जिवाणू आणखी फोफावतात आणि थर अजून जाड होतो. टाकी उपसणं काही तासांचं काम आहे, पण माती अशी बसली तर बऱ्याचदा दुसरीकडे नवीन खोदकाम करावं लागतं, आणि प्रत्येकाकडे तेवढी जागा असतेच असं नाही.

जुन्या घरांना टाकीच नसते, नुसता मैलाखड्डा असतो. तिथे गाळ बसायला वेगळी जागाच नाही, सगळं थेट मातीला भिडतं, म्हणून त्याचा उपसा टाळून चालतच नाही. जवळपास विहीर किंवा बोअर असेल तर त्या पाण्याची तपासणी नक्की करून घ्या. मैल्यातला अमोनिया मातीत नायट्रेट होतो आणि नायट्रेट पाण्याबरोबर खाली जातं, टाकी चांगली असली तरी ते पूर्ण अडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम ठेवलीये, ती मुख्यतः बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी.

मग उपसायची कधी? सर्वसाधारण घराला 3 ते 5 वर्षं म्हणतात, पण माणसं जास्त आणि टाकी लहान असेल तर आधीच. त्यापेक्षा मोजलेलं बरं. लांब काठीला जुना पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळायचा, तळाला टेकवायची, काही मिनिटं थांबून सावकाश वर काढायची. जिथपर्यंत गाळ आहे तिथपर्यंत टॉवेलवर काळे कण चिकटलेले असतात आणि त्याच्या वर नुसता करडा ओलावा. गाळ आणि तवंग मिळून खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत आले की गाडी बोलवायची.

हे मोजताना झाकणावर वाकू नका, आणि टाकीत कुणालाही उतरवू नका, कितीही अनुभवी माणूस असला तरी. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण हवेत तो 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं. 1000 पीपीएमला माणूस एक-दोन श्वासात कोसळतो, मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, अशा बातम्या वाचून जीव तुटतो कारण हे सगळं टाळता येण्यासारखं आहे. उपसा बाहेरूनच, मशीनच्या पाइपाने. मिथेन असतो म्हणून जवळ काडी ओढायची नाही.

उपसा चालू असताना स्वतः थांबा. तपासणीसाठी ठेवलेल्या अरुंद पाइपातून नाही, मुख्य झाकण उघडून, सगळे कप्पे रिकामे करून घ्या. टाकी रिकामी होताना आउटलेटकडून पाणी उलटं आत यायला लागलं तर समजा शोषखड्डा तुंबलाय. पुराच्या दिवसांत मात्र नको, जमिनीतलं पाणी वर असेल तर रिकामी हलकी टाकी चक्क वर उचलली जाते. टाकीत टाकायला जिवाणूंच्या पुड्या विकत घ्यायची गरज नाही, मैल्यातूनच रोज अब्जावधी जिवाणू येतात.

तारीख आणि गाळाची उंची एका वहीत लिहून ठेवा, दोन नोंदी झाल्या की तुमच्या घरात गाळ वर्षाला किती चढतो ते निघतं आणि पुढची तारीख तुमची तुम्हालाच काढता येते.