डोंगरधारेवरून एकट्याने अनेक दिवसांची चाल : साहित्य भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

साताऱ्यातील आमच्या दुकानातून तंबू, सॅक आणि स्लीपिंग बॅग नेणाऱ्या ग्राहकांपैकी काहीजण एकट्याने तीन-चार दिवस डोंगरधारेवरून चालण्याचा बेत करून येतात. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. भाड्याचे दर येथे दिलेले नाहीत. त्याचे दरपत्रक वेगळे आहे. येथे आमचा आग्रह एका गोष्टीचा आहे : सह्याद्रीच्या धारेवर मुक्काम कुठे करायचा हे पाणी ठरवते, आणि एकट्या माणसाने प्रत्येक दिवसाची खाली उतरण्याची वाट आधी निश्चित करून मगच वर चढावे.

पहिल्यांदाच एकट्याने जाणाऱ्यांना आम्ही भोर आणि वाई यांच्या मधली शंभू महादेवाची रांग सुचवतो. रायरेश्वराच्या पठारावर मंदिर आणि वस्ती आहे, शेजारी केंजळगड आहे, आणि तेथून धार पूर्वेकडे मांढरदेवाच्या दिशेने जाते. या धारेच्या दोन्ही अंगांना गावे असल्यामुळे बहुतेक ठिकाणांहून भोरच्या किंवा वाईच्या बाजूला उतरता येते, आणि एकट्या माणसाला हाच मोठा आधार असतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान हे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे भाग आहेत. तेथे परवानगीशिवाय प्रवेश नाही, आणि वासोट्यावर परवानगी काढून गेले तरी मुक्काम करता येत नाही. कासच्या फुलांच्या पठारावरही तंबू लावू नये. या ठिकाणी मुक्कामासाठी कोणी साहित्य मागितल्यास आम्ही ते देत नाही.

पाणी

धारेवर पाणी का नसते, हे समजून घेतले की ते कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. महाबळेश्वर, पाचगणी, कास या पठारांच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा थर आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून खाली झिरपते, खालच्या चिकणमातीच्या आणि कातळाच्या थरावर अडते आणि आडवे वाहत जाऊन पठाराच्या कडेला बाहेर येते. म्हणून वर सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार, कोरडा ठणठणीत असला, तरी कडेच्या थोडे खाली, जेथे जांभा संपून काळा कातळ सुरू होतो तेथे, झरा मिळण्याचा संभव असतो. धनगरवाडे आणि जुनी देवळे अशाच जागी आढळतात, ती उगीच नव्हे. ज्या धारांच्या माथ्यावर जांभा नाही, तेथे मात्र बहुतेक भिस्त गडावरच्या खोदीव टाक्यांवर असते, आणि टाक्याचे पाणी वर्षभर टिकेलच असे नाही. कमळगडावरची कावेची विहीर पाहण्यासारखी आहे, परंतु पिण्याच्या पाण्यासाठी तिच्यावर विसंबून जाऊ नये.

या बाबतीतली माझी, म्हणजे हे पत्रक लिहिणाऱ्याची, स्वतःची चूक येथे नोंदवतो. एका मार्चमध्ये मी एकटाच धारेवर होतो आणि दुपारपर्यंत एका टाक्याशी पोहोचेन या हिशेबाने सकाळी दोनच लिटर पाणी घेऊन निघालो होतो. टाक्यात तळाशी वीतभर हिरवा चिखल होता. उरलेले अर्धा लिटर पाणी घेऊन मी कारवीच्या झुडपांतून एका ढोरवाटेने खाली सुटलो, आणि ती वाट संध्याकाळी एका कड्यावर येऊन संपली. कडा फार तर दोन पुरुष उंचीचा होता, पण सॅक घेऊन एकट्याने उतरण्याजोगा नव्हता. ती रात्र मी कारवीच्या बुंध्यांना पाठ टेकून बसून काढली. सकाळी वर परत चढलो, तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. नकाशात तो कडा नव्हता, आणि त्यात नकाशाचा दोष नव्हता : भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या २० मीटरच्या अंतराने असतात, त्यामुळे दहा-पंधरा मीटरचा सरळ कातळ दोन रेषांच्या मधे सहज लपून जातो. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला असल्याने त्याची प्रत्येक सोंड, म्हणजे धारेपासून खाली जाणारा डोंगराचा फाटा, टप्प्याटप्प्यांनी उतरते, आणि हे टप्पे वरून पाहताना दिसत नाहीत. म्हणून अनोळखी वाटेने वरून खाली उतरू नये. उतरण्याची वाट म्हणून तीच धरावी जी गावातल्या माणसाने पायाखालची आहे असे सांगितले असेल.

गावात विचारतानाही प्रश्न नेमका असावा. “मामा, इकडून वाट आहे का?” असे विचारले तर “आहे की” असे उत्तर मिळते आणि ते खरेही असते, कारण त्यांच्या पायांना तेथे वाट असते. त्यापेक्षा “या वाटेनं गुरं जातात का?” असे विचारावे. जेथे म्हैस जाते तेथे सॅक घेतलेला माणूस जातो. पाण्याविषयी विचारताना “आज पाणी आहे का, आणि शेवटी कुणी कधी पाहिलं?” असे विचारावे.

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत दर दिवशी किमान चार लिटर पाणी लागते असे आमचे मत आहे, आणि संध्याकाळी स्वयंपाकासाठी एक लिटर वेगळे. पुढचा झरा कितीही खात्रीचा असला, तरी मुक्कामाला पोहोचेपर्यंत एक लिटर हात न लावता राखून ठेवावे. पाच लिटर म्हणजे पाच किलो. दोघे असले की तंबू एकाकडे आणि स्टोव्ह-भांडी दुसऱ्याकडे जातात. एकट्याला सगळे स्वतःच वाहावे लागते, म्हणून सॅक देताना आम्ही ती पाण्यासह भरून तोलतो. वजन तुमच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त भरले, तर काय काढायचे ते काउंटरवरच ठरवू. बहुधा कपडे निघतात.

तंबू आणि स्लीपिंग बॅग

जांभ्यावर तंबूची खुंटी जात नाही. पठारावरून परत आलेल्या आमच्या तंबूंच्या खुंट्या हुकासारख्या वाकलेल्या असतात, कारण ग्राहक त्या दगडाने ठोकत राहतात. म्हणून धारेवर जाणाऱ्यांना आम्ही स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबूच देतो आणि सोबत सहा जादा दोऱ्या देतो. दोरीचे टोक एका नारळाएवढ्या दगडाला बांधावे, तो जमिनीवर ठेवावा आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दुसरा मोठा दगड रेटून बसवावा. वारा ओढू लागला की लहान दगड मोठ्याला अडतो आणि दोर सैल पडत नाही. परतताना दगड होते तेथे ठेवावेत. जांभ्याच्या दगडांखाली फुरसे हा विषारी साप असतो, म्हणून दगड उचलताना आधी काठीने हलवावा, हात मागाहून घालावा.

धारेच्या अगदी माथ्यावर तंबू लावू नये. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या का उभारल्या आहेत, हे एकदा पाहिले की कारण सांगावे लागत नाही. माथ्याच्या थोडे खाली, वाऱ्याच्या आडोशाला जागा धरावी, मात्र खोलगट जागेच्या तळाशी नको, कारण निरभ्र रात्री गार हवा तेथेच साचते आणि पहाटे तंबू दवाने आतूनबाहेरून भिजतो. कड्यावर आग्या मोहळ दिसल्यास त्याच्या खाली मुक्काम किंवा धूर करू नये.

स्लीपिंग बॅगच्या लेबलवर एकाहून अधिक तापमाने असतात. त्यांपैकी ‘कम्फर्ट’ हे तापमान धरावे. ‘लिमिट’ हे थंडी सहन होण्याची शेवटची पायरी दाखवते, सुखाची झोप नव्हे. उंची हजार मीटरने वाढली की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे सातारा शहर आणि धार यांत चार-पाच अंशांचा फरक धरावा, वाऱ्याची बोचरी थंडी वेगळी. कॅरीमॅट न घेता चांगली बॅग घेणे व्यर्थ आहे, कारण अंगाखाली दबलेला भराव ऊब धरत नाही.

वीज, वणवा आणि फोन

एप्रिल-मे महिन्यांतील वळवाचे आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीचे पाऊस बहुधा दुपारनंतर गडगडाट करीत येतात. वीज चमकल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून तत्काळ धार सोडावी आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर येऊ नये. एकट्या झाडाखाली किंवा उथळ कपारीत थांबू नये. जून ते सप्टेंबर या काळात एकट्याच्या धारेवरील मुक्कामासाठी आम्ही साहित्य देत नाही.

जानेवारीनंतर गवत वाळते. उघड्यावर चूल किंवा शेकोटी पेटवू नये. गॅसचा स्टोव्हदेखील गवत काढून उघड्या केलेल्या कातळावरच ठेवावा.

फोन दिवसभर फ्लाइट मोडवर ठेवावा आणि खिंडीत किंवा गाव दिसेल अशा टोकावर चालू करावा. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्यावाच, शिवाय कागदावरची प्रत सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवावी. आणीबाणीचा क्रमांक ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ आहे. काही ग्राहक परदेशातून आणलेले उपग्रह-संदेशयंत्र दाखवून ते पुरेसे आहे का, असे विचारतात. भारतात अशी यंत्रे आणि उपग्रह फोन सरकारी परवानगीशिवाय बाळगणे बेकायदा आहे, म्हणून त्यांच्यावर योजना आखू नये.

आमच्याकडे ठेवायचे मार्गपत्रक

एकट्याने जाणाऱ्या प्रत्येक ग्राहकाकडून आम्ही एक पानी मार्गपत्रक भरून घेतो. त्यात प्रत्येक दिवसाचा मुक्काम, पाण्याची जागा, उतरण्याची वाट आणि ती ज्या गावात जाते त्याचे नाव, तसेच घरच्या एका व्यक्तीचा फोन नंबर लिहावा. दररोज सायंकाळी सातपर्यंत तुमचा निरोप आला नाही, तर आम्ही घरी कळवतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंतही संपर्क झाला नाही, तर मार्गपत्रक पोलिसांकडे देतो. या वेळा सोयीसाठी बदलल्या जात नाहीत. वाटेत बेत बदलला, तर नवा बेत कळवून मगच नव्या वाटेला लागावे, कारण शोधणारी माणसे कागदावर लिहिलेल्या सोंडेवरच तुम्हाला शोधतील.

खाली उतरल्यावर आधी घरी आणि मग आम्हाला फोन करावा. तंबू ओला असल्यास तो घडी न करता तसाच गुंडाळून आणावा. सुकवण्याचे काम आम्ही करतो आणि त्यासाठी अनामत कापत नाही.